समोरची खुर्ची

वाचनाच्या शिकवणीला येणारी मुलं त्यांना उलटबाई म्हणत. टेबलाच्या एका बाजूला मूल, दुसऱ्या बाजूला बाई आणि पुस्तकाचं तोंड मुलाकडे. त्यामुळे बाईंना सगळी अक्षरं डोक्यावर उभी असलेली दिसत. तरी त्या धडाधड वाचत. इतकी वर्षं हेच केल्यावर पुस्तक सरळ हातात आलं की हिला गोंधळायला होतं, असं त्यांचा नवरा म्हणायचा. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि जगातल्या प्रत्येक डोळ्याबद्दल मत द्यायचा आपल्याला परवाना आहे, अशी त्याची ठाम समजूत होती.

या कामाची सुरुवात त्याच दुकानात झाली. बाई तेव्हा काउंटरवर बसून काचा पुसत. महिन्यातून एखादे तरी आईवडील मुलाला दंडाला धरून घेऊन येत. "याला पुस्तकातलं नीट दिसत नाही." मूल खुर्चीवर बसे, समोरच्या पाटीवरचं सगळ्यात बारीक अक्षरही बिनचूक सांगे. डोळे ठणठणीत. आईवडिलांची निराशा बघवायची नाही. एक वडील तर म्हणाले, "नुसती काच तरी बसवून द्या, चष्मा घातला की जरा अभ्यासू वाटेल." सुटी अक्षरं ओळखणारं हेच पोर चार अक्षरांचा शब्द दिसला की घामाघूम का होतं, हे कोडं बाईंच्या डोक्यात घर करून बसलं. पुढे त्या कोड्याला नाव आहे, डिस्लेक्सिया, आणि त्यावर काम करायला शिकवतात, हे त्यांना कळलं. स्वतःला चाळिशी लागली त्या वर्षी त्यांनी काउंटर सोडला आणि त्या विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसल्या.

"गिऱ्हाईक माझं आणि धंदा तुझा," नवरा कुरकुरला. पण पहिलं मूल त्यानेच पाठवलं.

काम समजायला सोपं, करायला जिकिरीचं. या मुलांचं डोकं तल्लख असतं, पण डोळ्यांना दिसलेलं अक्षर आणि कानाला माहीत असलेला आवाज यांची गाठ पडायला उशीर लागतो. ती गाठ बाई हाताने बांधून देत. ट्रेमधल्या वाळूत बोटाने अक्षर काढायचं, काढताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा. खरखरीत कागदाची अक्षरं डोळे मिटून चाचपायची. शब्दाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला टेबलावर थाप मारायची. मग पुट्ठ्याच्या पट्टीत कापलेली खिडकी ओळीवर ठेवायची, म्हणजे एका वेळी एवढंच दिसेल. हे आज, उद्या, परवा, कंटाळा येईपर्यंत आणि आल्यावरही. घाई केली की सगळं मुसळ केरात.

शिकवणी घरातल्या पुढच्या खोलीत चाले. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत सासूबाई लोकरीचं विणकाम घेऊन बसत. त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. कानातलं यंत्र त्यांनी दोनदा लावून पाहिलं आणि "आत कोणीतरी कागद चुरगाळतंय," म्हणून डबीत ठेवून दिलं. सून काय बोलते ते त्यांना तोंडाकडे बघून कळे. लग्न झाल्यापासून बाईंनाही सवय लागली होती: घाईने बोलायचं नाही, प्रत्येक शब्द ओठांवर नीट ठेवायचा. शेजारीपाजारी म्हणत, काय स्वच्छ बोलता हो तुम्ही. हे स्वच्छ बोलणं एक दिवस आपल्यालाच तोंडघशी पाडील, असं बाईंच्या स्वप्नातही नव्हतं.

ज्या मुलीमुळे हे झालं तिला घरी सगळे भिंगरी म्हणत. कारण खुर्चीवर ती एका जागी ठरतच नसे. एक पाय खाली, एक वर, मध्येच गुडघ्यांवर. आई लाँड्रीच्या काउंटरवर, वडील बस चालवायचे. बोलायला लागली की पोरगी समोरच्याला बोलू देत नसे. पुस्तक उघडलं की तोंडाला कुलूप. तिचा धाकटा भाऊ तिच्या मागच्याच वर्गात होता आणि तो रस्त्यावरच्या पाट्यांपासून औषधाच्या बाटल्यांपर्यंत दिसेल ते मोठ्याने वाचत सुटायचा. घरात कोणी त्याला गप्प बस म्हटलं तर आजी म्हणायची, "वाचू दे की, एकाला तरी येतंय."

शाळेने त्या वर्षी स्पष्ट सांगितलं होतं. वार्षिक परीक्षेनंतर मुख्याध्यापिका स्वतः एक न पाहिलेलं पान समोर ठेवतील. भिंगरीने ते पुरतं वाचलं तर ती मैत्रिणींबरोबर वरच्या वर्गात जाईल. नाही वाचलं तर त्याच वर्गात राहील आणि शेजारच्या बाकावर धाकटा येऊन बसेल. भिंगरीला परीक्षेची भीती नव्हती, नापास होण्याचीही फारशी नव्हती. पण धाकट्याच्या वर्गात बसायचं म्हटलं की तिचे डोळे भरून यायचे. "तो माझं नाव पण मोठ्याने वाचेल," ती एकदा म्हणाली.

बाईंनी कंबर कसली. आणि पोरगी वाचायला लागली! सुरुवातीला अडखळत, मग बऱ्यापैकी, मग चक्क सलग. अगदी नवीन पुस्तक दिलं तरी वाचायची. चुका व्हायच्या, पण त्या नेहमीच्याच वाटल्या. भ आणि म दिसायला सारखे, तिथे सगळीच मुलं घसरतात. प आणि ब मात्र एकमेकांसारखे दिसत नाहीत. तिथेही ती का घसरते, हा प्रश्न बाईंच्या मनात डोकावला होता. पण वाचतेय ना, मग फाटे कशाला फोडा, म्हणून त्यांनी तो बाजूला सारला. भिंगरीच्या आईने आनंदाने बाईंचे दोन्ही हात धरले. बाईंनी मुख्याध्यापिकांना फोन केला. "ती वाचते, मॅडम. मी खात्रीने सांगते."

मग बाईंना खोकला झाला.

साधाच खोकला होता, पण मुलांना लागू नये म्हणून त्यांनी तोंडाला मास्क बांधला. त्या दिवशी भिंगरीला पहिलंच वाक्य जाईना. ती पानाकडे बघे, बाईंकडे बघे, परत पानाकडे बघे. बाईंनी मनावर घेतलं नाही. या मुलांचे दिवस सारखे नसतात, काल आलेलं आज येत नाही, हे त्या पालकांना नेहमी सांगत. आता स्वतःला सांगितलं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. भिंगरी रडकुंडीला आली. "बाई, ते काढा ना तोंडाचं."

"अगं, तुला खोकला लागेल."

"लागू दे. काढा ना!"

बाईंनी काढला नाही. उलट पुस्तक मिटून वाळूचा ट्रे ओढला आणि वेळ मारून नेली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात त्या सासूबाईंना विचारत होत्या, आई, चहात साखर घालू का. एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ओरडून विचारलं. सासूबाई भडकल्या. "ओरडून काय उपयोग? ते फडकं काढ आधी! तोंडच दिसत नाही तर मला कळणार कसं?"

बाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. सासूबाई म्हणाल्या, "आता काय झालं? घाल एक चमचा," पण बाईंचं लक्ष नव्हतं. प आणि ब. भ आणि म. ओठांवर ही सगळी अक्षरं एकसारखीच दिसतात.

खोकला गेल्यावर त्यांनी मास्क काढून ठेवला आणि भिंगरीला समोर बसवलं. पान साधं होतं. 'वाटेत एक दगड होता.' भिंगरीने बोट ठेवून सुरुवात केली, "वाटेत... एक..." आणि तिने वर पाहिलं. आजवर बाईंना वाटायचं, पोर धीर मागतेय. त्यांनी ओठ हलवले, आवाज न करता, पण मुद्दाम वेगळा शब्द म्हटला. बादली.

"वाटेत एक बादली होता," भिंगरी म्हणाली आणि खुशीत पुढच्या ओळीवर गेली.

बाईंनी पानावर हात ठेवला. म्हणजे इतके महिने ही पोरगी पान वाचतच नव्हती, आपल्याला वाचत होती. मूल वाचत असताना आपले ओठ त्याच्या एक पाऊल पुढे चालतात, हे त्यांना ठाऊकसुद्धा नव्हतं. उलटं वाचायची कला, सासूबाईंमुळे लागलेली स्वच्छ बोलण्याची सवय, दोन्ही गोष्टींचा त्यांना केवढा अभिमान! दोन्ही मिळून त्यांनी पोरीच्या पायात पाय घातला होता. दुसऱ्या कोणत्याही मास्तराच्या हातून ही चूक झालीच नसती, कारण दुसऱ्या मास्तराला उलटं वाचताच येत नाही. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

परीक्षा तोंडावर आली होती. आणि खरी मेख पुढेच होती: मुलीला धीर यावा म्हणून वाचनाच्या वेळी बाईंनी समोर बसायला हरकत नाही, असं मुख्याध्यापिकांनी आपणहून सांगून ठेवलं होतं. बाई समोर बसल्या की भिंगरी पास. कोणाला संशयही येणार नाही.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो नेहमीसारखा थट्टा करील असं वाटलं होतं, पण तो घास चावत राहिला. मग म्हणाला, "गिऱ्हाईकाला पाटी दिसत नाहीये आणि मी त्याच्या कानात अक्षरं सांगितली, तर तपासणी छानच होईल. पण दुकानातून बाहेर पडल्यावर तो रस्ता ओलांडणार आहे, एवढं लक्षात ठेव."

"आणि ती धाकट्याच्या वर्गात बसली तर? तिचं मन मोडेल त्याचं काय?"

"ते मला नाही माहीत," तो म्हणाला. "मी फक्त काचा विकतो."

बाईंनी आधी भिंगरीलाच सांगितलं. तिच्यावर कसलाही ठपका न ठेवता, जे घडलं ते जसंच्या तसं. भिंगरी दोन्ही पाय खाली सोडून, कधी नव्हे ती, शांत बसून राहिली.

"मला वाटलं तुम्ही मदत करताय," ती म्हणाली.

"मला कळलंच नाही गं मी काय करतेय ते."

"म्हणजे सगळे असं नाही वाचत? तोंडाकडे बघून?"

"नाही."

"म्हणजे मला वाचता येत नाही?"

"थोडं येतं," बाई म्हणाल्या. "किती येतं ते मलाही माहीत नाही. आपण बघू या." त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि भिंगरीच्या मागे नेऊन ठेवली.

पहिल्या दिवशी पोरगी सारखी वळून बघायची. मान दुखेपर्यंत वळली आणि शेवटी चिडून पुस्तक ढकलून दिलं. दुसऱ्या दिवशी कमी वळली. वाळू, थापा, खिडकीची पट्टी, सगळं पहिल्यापासून. आणि एक गोष्ट बाईंच्या ध्यानात आली: काहीच वाया गेलं नव्हतं. अक्षरं तिच्या बोटांत बसली होती, फक्त त्यांच्यावर भार टाकायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. ती वाचत होती, पण गोगलगाईच्या चालीने. एका पानाला कितीतरी वेळ लागत होता.

भिंगरीच्या आईला सांगणं जास्त जड गेलं. ती लाँड्रीतून तशीच आली होती, हातांना गरम इस्त्रीचा वास. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

"बाई, मी तुम्हाला काही बोलत नाही. चूक होते माणसाची. फक्त त्या दिवशी समोर बसा. एकदाच. वरच्या वर्गात गेली की पुढच्या वर्षी खरं शिकवा, कोण नाही म्हणतंय?"

"पुढच्या वर्गात पुस्तकं जाड आहेत. तिथे तिच्या समोर कोण बसेल?"

"तुम्हाला तुमचं खरं जपायचंय," आई उठत म्हणाली. "घरात रोज रात्री ती उशीत तोंड घालून रडते, ते तुम्हाला बघावं लागत नाही."

हे बोलणं बाईंना लागलं, कारण ते खरं होतं.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत त्यांनी एका दमात सांगून टाकलं की, आपण फोनवर दिलेली खात्री चुकीची होती आणि आपण समोर बसणार नाही. मुख्याध्यापिका करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"हो."

"बोट ठेवू दे तिला, पट्टीही वापरू दे. वेळ तासाची घंटा होईपर्यंत. पण पान पुरं व्हायला हवं. तिला सूट दिली तर उद्या मला सगळ्यांना द्यावी लागेल."

यात अन्याय काही नव्हता. बाई मान हलवून बाहेर पडल्या.

वाचनाच्या दिवशी वर्गात तिघीच होत्या. मुख्याध्यापिका टेबलाशी, भिंगरी पुढच्या बाकावर आणि बाई अगदी मागे, नकाशांच्या कपाटाजवळ. तिथून त्यांना भिंगरीच्या दोन वेण्या आणि बाकाखाली हलणारे पाय तेवढे दिसत होते. मुख्याध्यापिकांनी एक पुस्तक उघडून ठेवलं. भिंगरीने एकदाच मागे वळून पाहिलं. बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. पोरगी परत पुढे वळली.

गोष्ट एका म्हाताऱ्या हमालाची होती. भिंगरीने प्रत्येक शब्द फोडला, जोडला, पुढे गेली. जोडाक्षर आलं की बाकावर हलकी थाप. हमाल गाडीतून चुकीच्या स्टेशनावर उतरला. फलाटावर कोणी नव्हतं. कोणीतरी विसरलेलं एक पोतं तेवढं पडलं होतं. पोतं हलत होतं. बाई मागे बसून ऐकत होत्या आणि बाहेरच्या ओट्यावर शिपाई घंटेकडे निघाल्याचं खिडकीतून दिसत होतं. "त्याने... पोत्याची... गाठ... सोडली... आणि..."

घंटा झाली.

पान अर्ध्याहून थोडं अधिक झालं होतं. चुका मोजून दोन. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "शाबास. छान वाचलंस," आणि पुस्तक मिटलं. ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं, पण निकाल त्यामुळे बदलणार नव्हता. बाहेर भिंगरीच्या आईने मुलीचा हात धरला आणि बाईंकडे न बघता ती फाटकातून निघून गेली.

शाळा पुन्हा सुरू झाली. भिंगरी धाकट्याच्या वर्गात बसली. शिकवणीचा तिचा वार आला तेव्हा बाईंनी टेबल नेहमीसारखं मांडलं खरं, पण ती येईल असं त्यांना वाटत नव्हतं. आईने शिकवणी बंद केली असती तर त्यांनी दोष दिला नसता. सासूबाईंनी विणकामातून वर बघून विचारलं, "ती चुळबुळी पोर यायची ना आज?" बाईंनी फक्त खांदे उडवले.

दारावर थाप पडली. भिंगरी एकटीच होती, दप्तरासकट.

"आई लाँड्रीत आहे. म्हणाली, जा जायचं तर." ती आत आली, बसली नाही. "बाई, पोत्यात काय होतं?"

"कुठल्या पोत्यात?"

"हमालाच्या! मॅडमनी पुस्तक मिटलं ना. हलत होतं ते. काय होतं त्यात?"

एवढ्या महिन्यांत बाईंच्या समोर बसून या पोरीने कितीतरी गोष्टी घडाघडा म्हटल्या होत्या आणि पुढे काय झालं असं एकदाही विचारलं नव्हतं.

"मला नाही माहीत गं," त्या म्हणाल्या. "मी तुझ्या मागे बसले होते ना."

"तुम्हाला पण नाही माहीत?" भिंगरीला याचा फारच आनंद झाला.

"तुझ्या भावाला विचारायचंस. आता एकाच वर्गात आहात, त्याने तर सगळी पुस्तकं फस्त केली असतील."

"त्याला माहितीये. मधल्या सुट्टीत सांगत होता, ओरडून ओरडून," भिंगरी म्हणाली. "मी कानांत बोटं घालून पळत गेले ते थेट नळापर्यंत."

तिने दप्तरातून हमालाचं पुस्तक काढलं. मुख्याध्यापिकांकडून स्वतः मागून आणलं होतं. मग तिने बाईंची खुर्ची दोन्ही हातांनी ओढत नेऊन आपल्या खुर्चीच्या मागे ठेवली आणि पुढे जाऊन बसली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. मागे बसल्यावर ते भिंगरीला दिसणार नव्हतं. पट्टीची खिडकी ओळीवर बसली, बोट गाठीपाशी येऊन थांबलं. पोत्यात काय आहे, हे बाईंनाही आता खरोखरच ऐकायचं होतं.